इंजिनात चढलेलं पाणी

मी संशयी माणूस आहे. बायको म्हणते, दुकानातून आणलेलं मीठसुद्धा मी चाखून बघतो. बघतो. फसण्यापेक्षा बरं.

गावच्या तलावावर पाहुण्यांना फिरवायला आम्ही चार जणांनी मिळून एक बोट घेतली आणि ती चालवायचं काम माझ्याकडे आलं. ही पंख्याची बोट नव्हे. खालच्या तोंडानं पाणी आत ओढते, मागून जोरात फेकते आणि त्या धक्क्यावर पळते. त्या तोंडात गवत अडकलं की बंद पडते, तेही नेमकी तलावाच्या मधोमध. मग तलावात मासे धरणारे एक मामा आपल्या मोटर लावलेल्या डोंग्यानं तिला दोरीनं ओढून काठाला आणायचे; मी पाहुण्यांना घेऊन दुसऱ्या डोंग्यानं आधीच काठावर आलेलो असायचो. साठीचे असतील, कमी बोलणारे.

दोनदा असं झालं की ओढून आणलेल्या बोटीचं इंजिन पाण्यानं भरलेलं निघालं. मनात पाल चुकचुकली. आम्ही कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेलो. धानाच्या कोणत्या बांधीत, म्हणजे खाचरात, पाणी पोचेल, कोणत्या नाही, हे आमच्या घरात नुसत्या नजरेनं सांगतात. पाणी उतारानं जातं, चढत नाही. इंजिन तर पाण्याच्या वर, झाकणाखाली. मग पाणी आत घातलं कोणी? आमच्या बोटीनं मामांचं जाळं मागे एकदा फाटलं होतं. डूख धरायला तेवढं पुरे.

मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "तू घाई करून राहिला ना बाबू. जोरात ओढलं का पाणी चढते."

पाणी चढते म्हणे. कोहळ्याला पाणी शिकवतात. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, हात हलवून "जोरात ओढा, लोक थांबलेत" असं ओरडणारा मीच होतो, हे खरं. पण म्हणून खापर माझ्यावर फोडायचं? डोकं फिरलं माझं.

तलावाचा कारभार बघणाऱ्या गावकऱ्यांच्या बैठकीत मी सांगितलं, इंजिनात पाणी मामांनी ओतलं. मामांनी एकदाच विचारलं, "तुनं पायलं का?"

"पाहायची गरज नाही," मी म्हटलं.

माझ्या घराण्याच्या शब्दाला गावात वजन आहे. त्या दिवसापासून मामांचा डोंगा तलावात घालायचा नाही असं ठरलं. त्यांचं सगळं पोट त्या तलावावर. ते लोकांच्या बांधीत धान कापायला जाऊ लागले. ह्या वयात, वाकून. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे लिहायला लाज वाटते.

महिन्याभरात बोट पुन्हा बंद पडली. ओढायला दुसऱ्याचा डोंगा आला. मी इंजिनाच्या झाकणावरच बसलो, डोळ्यात तेल घालून, आणि डोंगेवाल्याला जोरात ओढायला सांगितलं. काठाला आल्यावर झाकण उघडलं. इंजिन पाण्यानं भरलेलं.

गोंदियाहून मिस्त्री आला. त्यानं एक रबरी नळी दाखवली. इंजिन थंड ठेवायला खालचं पाणी तिच्यातून वर येतं. "इंजन चालू है तो पानी बाहर फेंकता है," तो म्हणाला. "बंद इंजन को जोर से खींचोगे तो पानी नली से चढेगा ही. निकलेगा कहाँ से? धीरे खींचो, और नली को चिमटा लगाओ. बस चालू करने से पहले चिमटा निकालना, नहीं तो इंजन जल जाएगा."

मला तिथं उभं राहवेना. तसाच बांधीवर गेलो. मामा धान कापत होते. मी म्हटलं, "मामा, पाणी चढते. चूक माझी." त्यांनी विळा थांबवला नाही. बैठकीतही मी तेच सगळ्यांसमोर सांगितलं आणि डोंगा तलावात परत आला.

आता बोट बंद पडली की मी आधी नळीला चिमटा लावतो. मामा येतात, माणूस चालेल तेवढ्याच चालीनं ओढतात. पण दोरी बांधायच्या आधी, दर वेळी, दोन्ही रिकामे हात पुढे करून मला दाखवतात, तळवे वर, मग खाली.

"मामा, कायले दाखवता आता?" मी एकदा म्हटलं.

"पाहून घे," ते म्हणाले.

मी मान खाली घालतो. ते थांबतात. मी पाहीपर्यंत हात खाली घेत नाहीत.