मामांचा पालथा हात

पुणे जिल्ह्यातलं प्रत्येक इंजिन माझ्या मामेसासऱ्यांना ओळखतं, असं माझं प्रामाणिक मत आहे. ते नुसते जवळून गेले तरी खडखडणाऱ्या गाड्या सावरून बसतात, आणि जिला खरंच काही दुखतंखुपतं अशी गाडी नेमकी त्यांच्यासमोर येऊन बंद पडते. माझ्या बायकोचे हे थोरले मामा देहूरोडच्या लष्करी डेपोत जन्मभर गाड्या दुरुस्त करून निवृत्त झाले आणि भाजे लेण्यांजवळच्या आपल्या गावी येऊन राहिले. भातशेती बघायची, दुपारी पडवीत आडवं व्हायचं, असा बेत होता. पण गावाच्या डोक्यावर लोहगडवाडीचा चढ आहे, आणि शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या गाड्या त्या चढावर धापा टाकत जातात. मामा न्याहारी उरकून वळणावरच्या कठड्यावर जाऊन बसतात. लोक गड बघायला येतात, मामा लोकांच्या गाड्या बघायला जातात.

त्यांची पहिली अट अशी, की तापलेल्या गाडीला कुणी हात लावायचा नाही. वाफ दिसली की माणसं धावत जाऊन रेडिएटरचं झाकण उघडतात आणि बाटलीभर गार पाणी ओततात. मामांच्या लेखी हे तापाने फणफणलेल्या पोराला नदीत ढकलण्यासारखं आहे. ते सगळ्यांना लांब बसवतात, खिशातून शेंगदाणे काढतात आणि इंजिन निवेपर्यंत एकेक करून खात राहतात. एकदा कामशेतजवळ जुन्या हायवेवर नवऱ्या मुलाचीच गाडी उकळली. मामा त्या लग्नाला निघालेले नव्हते, त्या वऱ्हाडाचे कुणी लागत नव्हते, बाजारातून बियाणं घेऊन येत होते. तरी त्यांनी रस्त्यात उभं राहून सगळ्यांना थांबवलं. नवरदेव मुंडावळ्यांसकट दगडावर, करवली त्याच्या शेजारी, आणि मधोमध मामा शेंगदाणे खाताहेत! नवरदेवाचे चुलते मुहूर्त टळेल म्हणून हातापाया पडू लागले, तेव्हा मामा म्हणाले, "मुहूर्त भटजी दुसरा काढून देत्याल. झाकन उडून पोराचं तोंड भाजलं, तर दुसरं तोंड कोन काढून देनार?" वऱ्हाड पाऊण तास बसलं. पुढे त्याच नवरदेवाने मुलाच्या बारशाला मामांना आग्रहाने बोलावलं. मामांनी तिथेही आधी गाडी तपासली आणि मगच ते पाळण्यात डोकावले.

इंजिन निवलं की चौकशी सुरू होते. चढावर तापते की उभ्या उभ्या? एसी लावल्यावर की बंद असताना? काटा हळूहळू सरकतो की एकदम उडी मारतो? आधी वास येतो की आधी वाफ? माझ्या डॉक्टरांनी माझी इतकी विचारपूस कधी केलेली नाही. "उभ्या उभ्या तापली तर पंखा बघावा, पळताना तापली तर पानी फिरतंय का बघावं," हे वाक्य ते इतक्या हळू आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला दीक्षाच मिळते आहे. एवढ्यावर समाधान झालं नाही तर ते गाडीत बसतात. मे महिन्याच्या भर दुपारी त्यांनी माझ्या मेहुण्याच्या गाडीचा हीटर पूर्ण सोडायला लावला आणि स्वतः डोळे मिटून गरम झोतापुढे हात धरून बसले. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची सख्खी बहीण, "दादा, मी मरतीय रं!" म्हणून ओरडत होत्या. मामा डोळे न उघडता म्हणाले, "गप बस. इंजिनाची आग हितनं भाईर निघतीय. तू घाम गाळ, म्हंजी ते जगंल." आणि काटा खरोखरच खाली आला! सासूबाई पुढे आठवडाभर भावाशी बोलल्या नाहीत.

पण खरी करामत त्यांच्या हाताची, तीही पालथ्या हाताची. तळहाताला घट्टे पडले आहेत, त्याला आता काही कळत नाही, असं ते म्हणतात. म्हणून मनगट वळवून बोटांची मागची बाजू ते रबरी नळ्यांवरून, रेडिएटरच्या जाळीवरून फिरवतात, आणि त्या वेळी आजूबाजूला कुणी खोकललेलंही त्यांना चालत नाही. दोष सापडला की तो ज्याचा आहे त्याला तोंडावर सांगायचा, हा त्यांचा दुसरा बाणा. "गाडी आपनहून बिगडत न्हाई, कुनीतरी बिगडवतं. त्याला सांगितलं न्हाई तर तो दुसरी बिगडवनार." गावच्या सरपंचांना त्यांनी भर ग्रामसभेत उभं राहून सांगितलं होतं, की तुम्ही उतारावर जीप बंद करून सोडता, म्हणून तिचे हे हाल. सख्ख्या मुलाला त्याच्या सासऱ्यांसमोर सुनावलं होतं. मी या माणसाला मनापासून भितो, आणि माझा त्यांच्यावर जीवही आहे.

तर अशा माणसाचा सल्ला न घेता मी तळेगावात एक जुनी गाडी घेतली. विकणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. पंधरा वर्षं स्वतः गाडी चालवत त्या मावळातल्या शाळेवर गेल्या होत्या, आणि गुडघ्यांनी संप पुकारला म्हणून नाइलाजाने विकत होत्या. किल्ली देताना म्हणाल्या, "हिची एक दिवस हयगय केलेली नाही मी." त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा आणि त्या गाडीची खुशाली विचारायच्या. माझी कधी विचारली नाही. गाडी सपाटीला अगदी शहाण्यासारखी वागायची आणि लोहगडवाडीच्या चढाला लागली की उकळायची. तीन मेकॅनिकनी तीन वेगवेगळे भाग बदलले, गाडी आपली उकळतेच आहे. बाईंनी गोड बोलून आपल्याला फसवलं, याबद्दल माझी खात्री झाली. गाडी त्यांच्या दारात नेऊन उभी करायची आणि दोन शब्द सुनवायचे, असं मी ठरवलं. त्याआधी शेवटचा उपाय म्हणून ती मामांसमोर नेली.

मामांनी चौकशी केली, शेंगदाणे संपवले आणि हात फिरवायला सुरुवात केली. हात रेडिएटरच्या जाळीवर एका जागी थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच थांबला. "जावईबापू, हितं हात लावा. पालथा." मी लावला. वरचा भाग अजून चटका देत होता, आणि त्याच्याखाली वीतभर जागा चक्क गार! शेजारी पुन्हा गरम, पुन्हा गार. "जितं गार हाय, तितं पानी जातंच न्हाई. नळ्या बुजल्यात." आणखी निवल्यावर त्यांनी खालची नळी सोडली. गढूळ पाणी आलं आणि मागोमाग पांढऱ्या खपल्या. एक खपली बोटांत चुरडून मामा म्हणाले, "विहिरीचं जड पानी. येका-दोन दिसांचं न्हाई. कुनीतरी वर्सानुवर्सं, रोज घातलंय." तिघांना तीन महिन्यांत जे दिसलं नाही, ते या माणसाला हाताच्या पाठीने पाच मिनिटांत कळलं. असं काही पाहिलं की मला आपण पदवी कशासाठी घेतली तेच कळेनासं होतं.

"चला आता," मामा हात पुसत म्हणाले. "ज्यानं केलं त्याला सांगाया पायजे." स्वच्छ पाणी भरून आम्ही सपाटीने हळूहळू निघालो. बाईंचं घर घोरावाडी स्टेशनच्या बाजूला, कौलारू, अंगणात विहीर. मी हॉर्न वाजवण्याआधीच काठी टेकत बाई पायरीवर आल्या. "आवाजावरूनच ओळखलं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता थेट बॉनेटवर हात ठेवला. मग मामांना कौतुकाने सांगू लागल्या, "रोज सकाळी तुळशीला एक तांब्या, मग हिला अगदी ओसंडेपर्यंत, आणि मग माझा चहा. विहिरीचं ताजं पाणी हो, नळाचं कधी नाही घातलं. वडील त्यांच्या जीपला असंच घालायचे. भर पावसात पोरं शाळेच्या दारात माझी वाट बघत असायची, पण पंधरा वर्षांत हिने मला एकदाही वाटेत टाकलं नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. दोघं माणसं भरदुपारी गाडी घेऊन उगाच येत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "काही झालंय का हो हिला?" त्यांनी विचारलं. "माझं काही चुकलं का?"

मी तळेगावपर्यंत मनात घोटत आणलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. मी घाबरून मामांकडे पाहिलं. भर ग्रामसभेत जे थांबले नाहीत, ते इथे काय थांबणार? बाई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, बॉनेटवरचा हात न काढता. मामांनी स्वच्छ असलेला हात पुन्हा एकदा फडक्याला पुसला.

"न्हाई, बाई," ते म्हणाले. "गाडी लय जपलीया तुमी. ह्यो आमचा जावाई. ह्याला चढावर चालवता येत न्हाई. तिसऱ्यातच दामटतोय. मग तापंल न्हाई तर काय व्हईल?"

बाईंनी जो सुस्कारा सोडला तो मी विसरणार नाही. पुढच्याच क्षणी त्या माझ्याकडे वळल्या, आणि मी चौथीच्या वर्गात जाऊन बसलो. "अहो, चढाला दुसरा टाकायचा! इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही का तुम्हाला?" त्यांनी मला गाडीत बसवून उभ्या गाडीचे गिअर पाच वेळा बदलून घेतले. मामा विहिरीच्या काठावर बसून गंभीर चेहऱ्याने बघत होते. मी वीस वर्षं गाडी चालवतो आहे, पण त्या दिवशी पाचही वेळा मी मुकाट्याने दुसरा टाकला. निघताना बाईंनी विहिरीच्या पाण्याचा भरलेला कॅन दिला. "नळाचं नका घालू हिला, सवय नाही."

परतताना न राहवून मी विचारलं, "मामा, बाईंना सांगितलं नाहीत?" ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हयगयीनं मेलेली इंजिनं लय बघितली. मायेनं बुजलेलं ह्ये पयलंच. त्याला काय बोलायचं, ते मला येत न्हाई."

मामांनी रेडिएटर काढून साफ करून आणला, आत पाण्याऐवजी कूलंट भरलं, आणि गाडी आता लोहगडवाडीचा चढ हसतखेळत चढते. बाईंचा फोन अजून दर रविवारी येतो. आवाज अलीकडे बारीक झाला आहे, मध्येच शब्द विसरतात, पण दर महिन्याला विहिरीच्या पाण्याचा कॅन पाठवायला चुकत नाहीत. ते पाणी गाडीत घालणं शक्य नाही आणि गटारात ओतणं आमच्या दोघांच्या जिवावर येतं. म्हणून मी तो कॅन मामांकडे पोचवतो आणि मामा तो आपल्या स्वयंपाकघरात रिकामा करतात. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, अशी मामींची तक्रार आहे. भाताचं एक शीत कच्चं राहिलं तर ताट सरकवणारे मामा, ती टणक डाळ एक अक्षर न बोलता खातात. परवा बाईंनी फोनवर विचारलं, "पाणी रोज देता ना? संपतं ना सगळं?" समोर मामा जेवत होते. मी म्हणालो, "हो बाई, थेंबसुद्धा उरत नाही."