टिनमधला भोपळा आणि माझं हसू

मैत्रिणींनो, आज दुपारी नवऱ्याचे अमेरिकन साहेब आमच्याकडे मँचेस्टरला जेवायला आले. त्यांना पम्पकिन पाय, म्हणजे त्यांच्याकडचा भोपळ्याचा गोड पदार्थ, हवा होता.

टिनमधला भोपळा पाणचट निघाला, वर पत्र्याचा वास. घारग्यांसाठी परततो तसा मी तो तुपात परतला, वेलची घातली, मैद्याच्या पारीत भरून ओव्हनमध्ये भाजला.

साहेबांनी दोनदा घेतला.

नवरा लगेच त्यांना म्हणाला, "आता दरवर्षी सगळ्या ऑफिससाठी ही करेल."

"अरे, मला विचारलंस?" मी मराठीत म्हटलं.

"हस ना जरा. व्हिसाचं पत्र तेच देणार आहेत."

माझा व्हिसाही त्याच पत्रावर अवलंबून आहे. मी हसले. साहेबांना वाटलं, मला आनंद झाला.

तुमच्यापैकी कुणी असं हसलंय का?