मेंदीतली बाळंतीण

रोह्यातल्या नदीकाठच्या बागेत एक माळी आहे. बोलतो कमी, पण बुलबुल अंड्यांवर बसली की फिरायला येणाऱ्यांना दटावतो, "हळू चाला, बाळंतीण हाय तिथं." मी आठवडाभर पेणला लेकीकडे होतो. परतलो तर मेंदीच्या कुंपणाचा एक कोपरा न कापलेला, बेढब वाढलेला. कामचुकार मेला, म्हणत मी फोटो काढून त्याच्या साहेबांकडे तक्रार केली. साहेबांनी उभं राहून त्याच्याच हातून तो कोपरा कापून घेतला. तो घरटं आहे म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकतंय! त्या कोपऱ्यातल्या बुलबुलच्या घरट्यात दोन पिल्लं होती.

"मला इचारायचं तरी," एवढंच तो मला म्हणाला.

आता कुंपण कसं सरळ आहे. मी दिसलो की तो नमस्कारही करतो. पण हळू चालायला मला सांगत नाही.