मागची सीट

ईशा, चिन्मय, आजी हल्ली गाडीतून का येत नाही, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत. आजोबा शेजारी होते म्हणून बोलले नाही, आज लिहिते.

विजेवरची ही उंच गाडी घेताना आजोबा आणि तुमचे काका पुढे बसून फेरी मारून आले. मला शोरूममध्ये खुर्ची दिली. "रंग तू निवड," आजोबा म्हणाले. मी निळा निवडला. मागे बसून कुणीच बघितलं नाही. आता प्रत्येक खड्डा माझ्या कमरेत येतो आणि गाडी इतकी शांत, की माझं कण्हणं मलाच ऐकू येतं.

"मला तर काही जाणवत नाही," आजोबा म्हणतात. कमी आदळणारी दुसरी गाडी बघू म्हटलं, तर, "अगं, भिंतीत चार्जर बसवलाय आता."

आमच्याकडे पुरुष पुढे, बायका मागे. हे कुणी ठरवलं नव्हतं. मोडलंही नाही, मीसुद्धा नाही.

वाईला बहिणीकडे मी दर गुरुवारी जाते, आता एसटीने. पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध बसलं की धक्के कमी लागतात. आमचा एकही गुरुवार अजून चुकलेला नाही.