गुंडीच्या पोटातला दोरा

जनावरांच्या दवाखान्याच्या वाटेवर, पुलापर्यंत येईतो धाकटीचे पाय भरून आले. थोरली जाऊ मात्र टोपली छातीशी धरून पुढेच. टोपलीत गुंडी, तिची लाडकी कोंबडी. तीन दिवस दाण्याला तोंड लावलेलं नाही, गळ्याखाली लिंबाएवढी गाठ.

"ताई, आणा इकडे, मी धरते."

"नको. हात बदलला की घाबरते."

"तुम्हीच जास्त घाबरलाय."

"घाबरू नको तर काय करू? ह्यांच्या पायाशी वाढलीय ती. हिलाही पोचवलं, तर त्या खोलीत मी बोलू कुणाशी?"

धाकटीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि पाय उचलला.

थोरली आणि तिचा नवरा, दोघंही शिंपी. समोरासमोर दोन मशीन; ती झगे शिवायची, तो पँटी. तो जाऊन पाच महिने झाले होते. गिऱ्हाइकांशी ती अजून हसून बोलायची, "माप तेच आहे बाई, तुमचा आरसा खोटं बोलतोय."

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठीला छेद देऊन चिमट्यानं दोऱ्याचा गुंता काढला. राखाडी. थोरली बघतच राहिली.

"हा पँटीचा. माझ्याकडे राखाडी नसतोच."

सगळं दुकान ती रोज लख्ख झाडायची. त्याच्या मशीनखाली मात्र पाच महिने झाडू लागला नव्हता. त्याच्या शेवटच्या पँटीच्या दोऱ्याचे तुकडे तिथं तसेच होते. तेच गुंडीनं वेचले होते.

पुढे पंधरा दिवस थोरलीची शिलाई बंद. टाक्यांना मलम, ड्रॉपरनं पाणी, चमच्याच्या टोकावर भिजवलेले मऊ दाणे. धाकटी दुपारची सोबतीला जायची. चार वाजले की गुंडी मान वाकडी करून त्या बंद मशीनकडे बघायची. चारला तो तिला बिस्किटाचा चुरा टाकत असे.

"ऐकलंस?" थोरली विचारायची.

"काय, ताई?"

"पायडल."

धाकटीला काही ऐकू यायचं नाही. तरी मशीनकडे पाठ करून बसायचं तिनं सोडलं.

सोळाव्या दिवशी गुंडी उठली, पंख झटकले आणि तरातरा गेली ती थेट त्या मशीनखाली, टोच मारायला. थोरलीनं तिला झटकन उचललं. दुसऱ्या हातानं झाडू घेतला, पण तो त्याच्या खुर्चीपाशी जाऊन थांबला तो थांबलाच.

"धाकटे, तूच झाड. माझा हात धजत नाही."

धाकटी झाडू घेऊन वाकली.

"थांब. आधी त्यांना सांग. मी रोज सांगायचे तसं. भाऊजी, जरा पाय वर घ्या, म्हण."