लेबलाखालचा अंगठा

सुलोचना गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते. "मावशी, आत्या गेली जी..." तिचा भाचा दिलीप एवढंच म्हणाला. अशा वेळी म्हणे हातातलं गळून पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. माझ्या हातातली जुडी हातातच राहिली आणि मला सगळ्यात आधी आठवली ती माझी पर्स. पर्समध्ये विद्यापीठाचं छापील संमतिपत्र होतं. विद्यापीठाच्या इतिहासातल्या कर्तृत्ववान स्त्रियांचं एक दालन उभं राहतंय, त्यात सुलोचनाचा फोटो लावायची परवानगी मागणारं. खाली सहीची रेघ, आणि ती रेघ कोरी. त्या रेघेवरून बारा दिवसांपूर्वी मी तिच्याशी कडाकडा भांडून आले होते. आता ती सही होणार नव्हती आणि आमचं भांडणही मिटणार नव्हतं. रडू नंतर आलं, आधी भीतीच वाटली. हे चार शब्द लिहायला मला पाच आठवडे लागले, ते त्यामुळेच.

डॉ. सुलोचना वलथरे म्हणजे साकोलीच्या कॉलेजात आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वलथरे मॅडम. माहेर पवनी तालुक्यात, आसगावच्या पुढे, तलावाच्या पाळीला लागून. घर ढिवरांचं, पोट जाळ्यावर. त्या समाजातून आमच्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई ती. मी आंधळगावच्या कापडदुकानदाराची मुलगी. विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्हाला एक खोली मिळाली आणि पहिल्याच आठवड्यात मी वॉर्डनकडे खोली बदलून मागायला गेले, कारण खोलीभर ओल्या पाणगवताचा वास! माझ्या गादीखाली तिने वर्तमानपत्रात दाबून झाडं वाळत घातली होती. "तुहं वजन चांगलं हाय, शकू. मस्त दबतात," असं ती वर मलाच म्हणाली. मी तेव्हाही आणि आताही वजनाच्या बाबतीत हळवी आहे. तरी वॉर्डनच्या दारातून परत आले. का, ते मला अजून सांगता यायचं नाही.

एम. एस्सी.नंतर तिने पीएच.डी.साठी नाव नोंदवलं ते तलावांतल्या पाणवनस्पतींवर. कुठली वनस्पती किती खोल पाण्यात वाढते, कुठल्या झाडोऱ्यात कोणता मासा अंडी घालतो, एक नाहीशी झाली की तिच्या मागोमाग कोण नाहीसं होतं... हे सगळं तिला शिकवलं होतं तिच्या आईने. पारबतामावशी शाळेच्या आवारातही कधी गेली नव्हती. पण गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून, खाली न बघता, नुसत्या पायाच्या बोटांनी चाचपून ती सांगायची, इथे गाद गवत आहे, तिकडे कमळाचे कांदे आहेत, आणि तिकडे काहीच नाही, तिथे मासोळी थांबणार नाही. सुलोचनाच्या प्रबंधातले सगळे नमुने मावशीनेच पाण्यातून काढून आणले होते. ते दाबून, वाळवून जाड कागदावर शिवले की झालं हर्बेरियम. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात लेबल असतं. त्यावर वनस्पतीचं नाव, ठिकाण, तारीख आणि शेवटी संग्राहक, म्हणजे गोळा करणारा कोण ते. सुलोचनाने प्रत्येक लेबलावर संग्राहकाच्या पुढे आईचा अंगठा घेतला होता. शंभराच्या वर कागद, शंभराच्या वर निळे अंगठे. लहानपणी जाळ्याच्या दोरीने कापून मावशीच्या अंगठ्यावर आडवा वण राहिला होता. त्यामुळे प्रत्येक ठशाच्या मधोमध एक पांढरी रेघ यायची.

प्रबंध सादर करायला आठ दिवस उरले आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी पहिल्यांदा ते कागद नीट पाहिले. सर माणूस वाईट नव्हते, भित्रे होते. "हा काय सातबारा आहे का अंगठे लावायला?" ते म्हणाले. "संग्राहक म्हणजे संशोधक. लेबलं बदला, नाहीतर मी सही करत नाही." सुलोचना ताडताड खोलीवर आली आणि ट्रंक भरायला लागली. म्हणाली, मला डिग्री नको. मी तिच्या हातातून कपडे ओढून घेतले. "नियम आहे, सुले. नियमापुढे आपलं काय चालतं? एवढी वर्षं वाया घालवू नको." हे मी म्हटलं. हे माझे शब्द आहेत, आणि ते मी तिच्या भल्यासाठीच बोलले असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

सरांनी नवी लेबलं टाइप करून दिली. संग्राहक : सु. वलथरे. आम्ही दोघी कागदांचे गठ्ठे घेऊन तिच्या गावी गेलो, कारण तिने हट्टच धरला होता की मायला विचारल्याशिवाय एकही कागद लावणार नाही. भर दुपारी पडवीत सगळे कागद मांडले. मावशी जाळं विणत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. "माह्या अंगठ्यानं तुह्या डिगरीले अडचण होत असल त लाव कागद," ती म्हणाली. "कागदाखाली मी काय गुदमरून मरतो का?" मी पिशवीतून डिंकाची बाटली काढली. नवीकोरी, निघताना मुद्दाम विकत घेतलेली. सुलोचनाने ती माझ्याकडे परत सरकवली. "डिंक राहू दे. माय खळ करते." मला वाटलं, घरचा तांदूळ असताना डिंक कशाला उघडा, असा हिशेबी विचार असेल. आमच्या भागात लग्नाच्या पत्रिकेपासून पतंगापर्यंत सगळं भाताच्या खळीनेच तर चिकटतं. मावशीने तांदळाचं पीठ शिजवलं, घोटून घोटून गुळगुळीत केलं, आणि तिच्याच अंगठ्यावर लावायची खळ तिनेच आमच्यापुढे आणून ठेवली. मी खळ लावत गेले आणि सुलोचना लेबलं दाबत गेली.

मौखिक परीक्षेच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. बाहेरून आलेले परीक्षक उंच, कोरडे, नेमकं बोलणारे. अर्धा तास बरा गेला. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला आणि लेबलावरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "हे जाड लागतंय. खाली काय आहे?" त्यांनी विचारलं. मार्गदर्शक सर खिडकीबाहेर बघायला लागले. सुलोचना म्हणाली, "जुनं लेबल आहे, सर." "जुन्यात काय चूक होती?" मी मनात म्हणत होते, बाई, काहीतरी सांग, स्पेलिंग चुकलं होतं म्हण, शाई सांडली म्हण... सुलोचना सरळ त्यांच्याकडे बघत म्हणाली, "जुन्यात चूक नव्हती, सर." परीक्षकांनी नखाने लेबलाचा कोपरा जरासा उचलला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कागद टेबलावर होता आणि ते पुढचा प्रश्न विचारत होते. त्यांनी काय पाहिलं, किती पाहिलं, हे आम्हाला कधीच कळलं नाही. डिग्री मिळाली.

पदवीदानाच्या दिवशीचा एक फोटो आहे. काळ्या गाऊनमधली सुलोचना आणि शेजारी नऊवारीतली मावशी. पदवीची गुंडाळी मावशीच्या हातात आहे. ती हातात घेण्याआधी तिने पदराला तीनदा हात पुसले होते. "मासोळीचा वास लागल तुह्या कागदाले," म्हणत होती. फोटो मीच काढला, म्हणून तो माझ्याकडे राहिला. पुढे मावशी गेली, सुलोचना निवृत्त झाली. तिने लग्न केलं नाही. मुलांना तलावात उतरवून शिकवायची म्हणून तिच्याविरुद्ध दोनदा पालकांचे अर्ज आले, आणि दोन्ही वेळा ती त्याच पालकांना तलावात उतरवून आली. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल होते. लेबलांचा विषय आम्ही परत कधी काढला नाही.

तो निघाला या हिवाळ्यात. विद्यापीठाने दालनाची समिती नेमली आणि जुनी विद्यार्थिनी म्हणून मलाही तीत घेतलं. पहिली महिला अधिष्ठाता, पहिली सुवर्णपदक विजेती, पहिली कायद्याची पदवीधर अशी बावीस नावं, बावीस चौकटी. सुलोचनाचं नाव मीच सुचवलं, आणि मंजूर झालं तेव्हा मला माझाच केवढा अभिमान वाटला! संमतिपत्र घेऊन तिच्याकडे गेले. ती पलंगावर उशीला टेकून बसली होती, आजाराने नुसती हाडं उरलेली. कागद तिने दोनदा वाचला.

"मायचा फोटो कुठी लावान?"

मी सांगितलं की तशी सोय नाही. मावशी विद्यापीठाची विद्यार्थिनी नव्हती, नोकरीलाही नव्हती.

"मंग मले एकटीले नोको टांगू."

"अगं, नियम आहे."

"तवाबी तू नियमच सांगतला होता, शकू."

एवढ्या वर्षांनी ते वाक्य माझ्या तोंडावर आलं आणि मी भडकले. तुझं नेहमीचंच, म्हटलं. तुझ्या हट्टापायी तुझ्या समाजातल्या पोरींना भिंतीवर आपलं माणूस दिसायचं राहील, ते चालेल तुला? मी निघताना ती म्हणाली, "विभागातलं कपाट उघडून पाह्यलं का इतक्यात?" मी म्हटलं, कसलं कपाट? "जाऊ दे," ती म्हणाली. दारातून मी मागे वळून पाहिलं नाही... हे आता रोज आठवतं.

ती गेली त्याच संध्याकाळी समितीच्या अध्यक्षांचा फोन आला. आधी त्यांनी रीतसर हळहळ व्यक्त केली. मग म्हणाले, "आता त्यांची हरकत राहिली नाही, तेव्हा फोटो तेवढा पाठवून द्या." मी म्हटलं, फोटोत आई पण आहे. "काही अडचण नाही," ते म्हणाले. "आईंना कापता येतं. कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम." ते सहज बोलले, त्यात दुष्टावा नव्हता. मी फोन ठेवला. दोन मिनिटांचं काम. मला एक पूर्ण दुपार लागली होती.

तिसऱ्या आठवड्यात मी विद्यापीठात गेले, वनस्पतिशास्त्र विभागात. तिथल्या परिचर बाईंनी हर्बेरियमचं जुनं लोखंडी कपाट उघडलं. "जपून जी मॅडम, लई कसर लागली हाय यातल्या काही कागदाले," त्या म्हणाल्या. मी सुलोचनाचा गठ्ठा टेबलावर घेतला. पहिला कागद काढला आणि टाइप केलेलं लेबल सुटून माझ्या मांडीवर पडलं. मागची बाजू कुरतडलेली, चाळणी झालेली. खळ सगळी किड्यांनी खाल्ली होती. कोपऱ्यात, जिथे ते लेबल होतं तिथे, फिकट निळा अंगठा होता. मधोमध पांढरी रेघ. दुसऱ्या कागदावरही तोच. तिसऱ्याचं लेबल अर्धं लोंबत होतं, फुंकर मारली तर गळलं. काही ठसे किड्यांनी अर्धवट खाल्ले होते, काही माझ्या खळीने पसरले होते, पण बहुतेक ओळखू येत होते. मी एकेक कागद उलटत गेले आणि मावशी एकेक करून वर येत गेली.

तेव्हा मला सुलोचनाचा वर्ग आठवला. माझं ग्रंथालय तिच्या प्रयोगशाळेला लागून होतं आणि तिचा आवाज भिंतीतून यायचा. दरवर्षी, नव्या पोरांना, त्याच शब्दांत. "हर्बेरियमले खळ लावली त याद राखा! चार पावसाळ्यात कसर खाऊन टाकते. डिंक वापरा, डिंक!" अठ्ठावीस वर्षं मी ते ऐकत होते आणि पुस्तकांवर शिक्के मारत होते. त्या दुपारी पडवीत तिला हे माहीत नव्हतं, असं कसं म्हणू? आणि मावशीला? कागदाखाली मी काय गुदमरून मरतो का, म्हणणाऱ्या बाईला काय कुठल्या किड्याचं खाद्य आहे, हे माहीत नसेल? मला ठाऊक नाही. विचारायला दोघीही नाहीत. बाटली परत माझ्याकडे सरकवणारा सुलोचनाचा हात तेवढा दिसतो.

समितीला मी लेखी कळवलं आहे. संमतिपत्रावर सही नाही. फोटो लागला तर अख्खा लागेल, दोघींचा, आणि त्याखाली यातला एक हर्बेरियमचा कागद. नाहीतर बावीसची एकवीस करा. फोटो माझ्याच ताब्यात आहे. दालनाचं उद्घाटन पुढच्या महिन्यात आहे आणि उत्तर अजून आलेलं नाही. या वेळी मी नियम विचारलेला नाही.

त्या दिवशी कपाटापाशी मी किती वेळ बसले होते कोण जाणे. परिचर बाई दोनदा डोकावून गेल्या. गळालेली लेबलं मी टेबलावर एका बाजूला रचून ठेवली होती. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असेल की या नुकसानीने बाईंना फारच लागलं आहे. त्या कपाटाच्या मागून डिंकाची भरलेली बाटली घेऊन आल्या आणि समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "काहून टेन्शन घेता, मॅडम? द्या इकडे. सगळे लेबलं आता पक्के चिकटवून देतो मी."

मी त्यांच्या हातातून बाटली घेतली, झाकण घट्ट फिरवलं, आणि माझ्या पर्समध्ये टाकली.