आधी एक पाठवायचा

फोन उचलला की यासीनभाई आधी बोलायचेच नाहीत. समोरचा ‘नमस्कार’ म्हणतो, ‘सलाम’ म्हणतो की ‘जय ख्रिस्त’, ते ऐकायचे आणि मग त्याच्याच वळणानं सुरू व्हायचे. मला या सवयीचा भारी वैताग यायचा, कारण फोन करणारी बहुतेक वेळा मीच असायचे.

नगरच्या छोट्याशा ऑफिसात आम्ही दोघं एक प्रोग्राम लिहायचो. मधे कुणाचा मोठा कॉम्प्युटर न ठेवता एकाकडची फाइल थेट दुसऱ्याकडे जावी, एवढंच त्याचं काम. एकदा काष्टीहून डॅनियल मास्तर आले. त्यांच्या कॉम्प्युटरवर असाच एक जुनापुराणा प्रोग्राम होता आणि त्यात त्यांच्या वारलेल्या पत्नीनं, रूथबाईंनी म्हटलेली भजनं. पेन ड्राइव्हची खाच कधीच गेलेली, डिस्कही कुरकुरायला लागलेली. “डिस्क बसायच्या आत तिचा आवाज तेवढा बाहेर काढा,” मास्तर म्हणाले.

दोन्ही प्रोग्राम जोडले, तर बोलणंच होईना. आकडा चार तुकड्यांत जातो. आम्ही थोरला, म्हणजे जास्त किमतीचा तुकडा आधी पाठवायचो, तो जुना धाकटा आधी. त्यानं पाठवलेला साधा ‘एक’ हा आकडा आमच्याकडे दीड कोटीच्या वर वाचला जायचा आणि आमचा प्रोग्राम घाबरून दार लावून घ्यायचा.

“नेटवर्कवर थोरला आधी, अशीच रीत आहे. चूक त्यांची, त्यांनी बदलावं,” मी फणकारले.

“तो लिहिनारा आता कुठं हाय, मास्तरांना बी ठावं न्हाई,” यासीनभाई म्हणाले. “चूक त्याचीच हाय, ताई. पन गानं बी त्याच्याकडंच हाय ना.”

 जोडणी झाली की दोन्ही प्रोग्राम आधी आपला आवृत्ती क्रमांक सांगायचे आणि दोघांचाही तो ‘एक’ होता. यासीनभाईंनी तेवढंच धरलं. तो ‘एक’ उलटा आला, तर त्या समोरच्याशी सगळंच उलटं बोलायचं. चार ओळींचं काम.

भजनं आली. मास्तर कान लावून ऐकत होते. “या कडव्याला ती नेहमी चुकायची. बघा, चुकली,” म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

गेल्या रमजानात यासीनभाई गेले. काष्टीचा कॉम्प्युटरही बंद पडलाय. त्या चार ओळी आता कुणाच्या उपयोगाच्या नाहीत, पण पुसायला माझा हात धजत नाही. मला त्यांची फार आठवण येते. कुणी नवं जोडलं गेलं की आमचा प्रोग्राम आजही आधी एक पाठवतो आणि समोरून तो कसा येतो, ते बघत थांबतो.